वुमन्स मिशनरी युनियनचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट बायकांची ही संघटना. मराठीत तिच्याबद्दल फारसं कुठे सापडत नाही, आणि चर्चच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरत राहतात, म्हणून एकदाच सगळं इथे टाकलंय. पूर्ण नाव दरवेळी लिहायचा कंटाळा येतो, त्यामुळे पुढे नुसतं ‘युनियन’ म्हटलंय.

ही कामगार युनियनसारखी काही भानगड आहे का?

नाही हो. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथांमधला सगळ्यात मोठा गट, आणि त्याच्या सोबतीने काम करणारी बायकांची मिशनरी संघटना म्हणजे ही युनियन. स्थापना १८८८. काम मुख्यतः तीन प्रकारचं : मिशनसाठी पैसे गोळा करणं, मिशनसाठी प्रार्थना करणं आणि मुलांना-बायकांना मिशनबद्दल शिकवणं. मिशनरी पाठवण्याचं काम युनियन स्वतः करत नाही, ते कन्व्हेन्शनच्या बोर्डांकडे असतं.

युनियनला कन्व्हेन्शनची ‘ऑक्झिलरी’ (सहाय्यक संघटना) म्हणतात, म्हणजे महिला विभागच ना?

इथेच सगळ्यांचा घोळ होतो. विभाग असता तर माणसं कन्व्हेन्शनने नेमली असती, बजेट कन्व्हेन्शनने पास केलं असतं आणि उद्या कुणाच्या मनात आलं तर विभाग बंदही करता आला असता. युनियनचं तसं नाही. घटना (म्हणजे नियमावली) स्वतःची, अध्यक्ष आणि सेक्रेटरी बायकाच निवडणार. सुरुवातीला ऑफिसचा खर्च मिशन बोर्ड भागवायचे, पण नंतर बायकांनी मासिकं आणि पुस्तकं विकून तोही स्वतःच काढायला सुरुवात केली. आज कन्व्हेन्शनच्या सामाईक फंडातून त्यांना पैसे येत नाहीत, आणि ज्या दानासाठी त्या वर्षानुवर्षं राबतात त्यातूनही स्वतःला काही ठेवून घेत नाहीत.

गंमत बघा, १८८८ च्या घटनेच्या सुरुवातीलाच बायकांनी लिहून दिलंय की स्वतंत्रपणे काही करण्याचा आमचा कसलाही इरादा नाही, आम्ही फक्त पैसे गोळा करायला मदत करणार, खर्च तुमचे बोर्ड करतील. पुरुषांची भीती घालवायला लिहिलेलं ते वाक्य. आणि तेव्हापासून आजपर्यंत ही संघटना कुणाच्या हाताखाली गेलेली नाही. मला तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार ओळ तीच वाटते.

सुरुवात खरंच १८८८ ला झाली, की त्याआधीही काही होतं?

आधी बरंच होतं. १८०० साली बॉस्टनमध्ये मेरी वेब नावाच्या बाईने चौदा जणींची एक मिशनरी सोसायटी काढली, त्यात बाप्टिस्ट होत्या तशा काँग्रेगेशनल (हा दुसरा एक प्रोटेस्टंट पंथ) बायकाही होत्या. मेरी वेब व्हीलचेअरवर असायची, वय जेमतेम एकवीस, आणि तिने नुसत्या पत्रांवर न्यू इंग्लंडभरच्या बायकांच्या सोसायट्या एकमेकींना जोडल्या. मग १८१२ मध्ये ॲन आणि अडोनायराम जडसन हे जोडपं काँग्रेगेशनल मिशनरी म्हणून अमेरिकेतून निघालं, जहाजावर बायबलचा अभ्यास करता करता त्यांचं मत बदललं आणि कलकत्त्यात उतरल्यावर त्यांनी बाप्टिस्ट म्हणून बाप्तिस्मा घेतला. तिकडे अमेरिकेतल्या बाप्टिस्टांना एकदम कळलं की आपले मिशनरी तर परदेशी पोचलेतसुद्धा, आता त्यांचा खर्च कोण करणार! तो खर्च उचलण्यात गावोगावच्या बायकांच्या छोट्या सोसायट्यांचा मोठा वाटा होता.

१८४५ मध्ये उत्तर आणि दक्षिणेकडचे बाप्टिस्ट फुटले. कारण गुलामगिरी. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमायचं की नाही यावरून वाद झाला आणि दक्षिणवाल्यांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात वेगळं कन्व्हेन्शन काढलं. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही, युनियन ज्या घराच्या ओसरीवर उभी राहिली त्या घराचा पाया हा होता.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत सगळीकडे कंगाली. त्या काळात बाल्टिमोरच्या ॲन ग्रेव्हज नावाच्या बाईंचा मुलगा चीनमध्ये कँटनला मिशनरी होता, तो आईला लिहायचा की इथल्या बायकांपर्यंत पुरुष मिशनरी पोचूच शकत नाही, तिथे बायकाच हव्यात, निदान इथल्याच बायबल वुमन (घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या स्थानिक बायका) नेमायला पैसे तरी पाठवा. १८६८ मध्ये कन्व्हेन्शनची बैठक बाल्टिमोरला होती, तेव्हा या बाईंनी बाहेरगावाहून आलेल्या बायकांना एकत्र बोलावलं आणि तिथून धागा सुरू झाला. १८७१ मध्ये बाल्टिमोरच्या बायकांची रीतसर सोसायटी झाली, तिने दानासाठीचे छोटे डबे घरोघरी वाटले, बायबलमधल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे छोट्या नाण्यांची, आठवण म्हणून.

डब्यात टाकायला बायकांकडे पैसे कुठून यायचे?

चांगला प्रश्न. शेतावरच्या बाईच्या हातात रोख पैसा जवळजवळ नसायचाच, पण कोंबड्या, अंडी, लोणी हे खातं तिचं असायचं. त्यामुळे खेड्यांतल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये अशी पद्धत होती की रविवारी कोंबडी जे अंडं देईल ते मिशनचं. हिशेबाला सोपं, नवऱ्याला विचारायची गरज नाही. असंच काही भारतातही चालतं : मिझोराममध्ये १९१० पासून बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात, तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्येही आणि बाप्टिस्ट मंडळ्यांमध्येही.

कन्व्हेन्शनने बायकांना बैठकीतून हाकललं होतं हे खरंय का?

हो, १८८५ साली. आर्कान्सामधून दोन बायका, मिसेस ईगल आणि मिसेस अर्ली, प्रतिनिधी म्हणून आल्या. नियमात कुठेही लिहिलं नव्हतं की प्रतिनिधी पुरुषच हवा, म्हणून कागदोपत्री त्यांना अडवता येईना, मग सभागृहात गदारोळ झाला, चर्चा लांबली, आणि शेवटी घटनेतला शब्दच बदलून ‘बंधू’ करून टाकला. विषय संपला! पुढची तेहतीस वर्षं हेच. १९१८ ला परत शब्द बदलला तेव्हा बायकांना प्रतिनिधी म्हणून बसता आलं. म्हणजे देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क १९२० ला मिळाला त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

माझं मत विचाराल तर १८८५ चा हा अपमान झाला नसता तर युनियन कदाचित निघालीच नसती. आत घेतलं असतं तर बायका मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत राहिल्या असत्या.

बाप्टिस्ट बायकांच्या संघटनेची स्थापना मेथडिस्ट चर्चमध्ये का झाली?

कारण पुरुषांची बैठक बाप्टिस्ट चर्चमध्ये चालू होती. मे १८८८, व्हर्जिनियातलं रिचमंड शहर. बायका ब्रॉड स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जमल्या. बारा राज्यांमधून बत्तीस प्रतिनिधी होत्या. १४ मे ला ठराव झाला. त्यातल्या दहा राज्यांनी लगेच होकार दिला, दोघांनी नाही दिला, मिसिसिपी आणि व्हर्जिनिया. व्हर्जिनिया म्हणजे यजमान बरं का! त्यांच्या प्रतिनिधींना घरून, म्हणजे राज्यातल्या पुढारी मंडळींकडून, परवानगीच मिळाली नव्हती. नंतर आल्या त्या.

पहिल्या अध्यक्ष साउथ कॅरोलायनाच्या मार्था मॅकिंटॉश, सेक्रेटरी बाल्टिमोरच्या ॲनी आर्मस्ट्राँग, ऑफिसही बाल्टिमोरलाच. सुरुवातीचं नाव लांबलचक होतं, वुमन्स मिशनरी युनियन हे सुटसुटीत नाव १८९० ला आलं.

पुरुषांना एवढी भीती कशाची होती?

दोन गोष्टींची. एक, बायका आज मिशनवर बोलतील, उद्या पुलपिटवर चढतील आणि परवा मत मागतील, तेव्हा उत्तरेत मताधिकाराची चळवळ जोरात होती आणि दक्षिणेत तिचं नाव काढलं तरी लोक दचकायचे. दुसरी भीती पैशाची, आणि ती जास्त खरी होती. उत्तरेतल्या बाप्टिस्ट बायकांनी १८७१ पासून बॉस्टन आणि शिकागोला स्वतःच्या मिशन सोसायट्या काढल्या होत्या, त्या गोळा केलेले पैसे स्वतःच खर्च करायच्या आणि मिशनरी बायकाही स्वतःच नेमायच्या. दक्षिणेतल्या बोर्डांना धास्ती की आपल्याकडे असं झालं तर तिजोरीत उरणार काय. म्हणून ते घटनेतलं वाक्य.

लॉटी मून कोण? तिचंच नाव सगळीकडे का?

शार्लट डिग्ज मून. जन्म १२ डिसेंबर १८४०, व्हर्जिनियातल्या एका तंबाखूच्या मोठ्या इस्टेटीवर, आणि अशा इस्टेटीवर राबणारे हात गुलामांचे होते हे वेगळं सांगायला नको. शिकलेली, १८६१ मध्ये मास्टर्स डिग्री मिळवलेली, तेव्हा दक्षिणेत अशा बायका हातावर मोजण्याइतक्या. उंची सव्वाचार फूट. १८७३ मध्ये चीनच्या शांतुंग प्रांतात गेली, तंगचौ गावात शाळा चालवायला. तिला शाळेत गोडी नव्हती, खेडोपाडी फिरून बायकांशी बोलायचं होतं, आणि मिशन म्हणत होतं की बाईने शाळाच सांभाळावी. यावरून तिने अमेरिकेतल्या मासिकांत सरळ लिहिलं की इथे आलेल्या बाईला पुरुषाइतकाच हक्क हवा. १८८५ मध्ये मिशनच्या बैठकीत बायकांना मत द्यायचं नाही असं काहीसं घाटत होतं तेव्हा तिने राजीनाम्याची धमकी दिली. त्याच सुमारास ती एकटीच आतल्या भागात पिंगतू नावाच्या गावी राहायला गेली. लोक आधी ‘परदेशी सैतान’ म्हणून दार लावून घ्यायचे, मग हिने भट्टीत गोड बिस्किटं भाजायला घेतली, वासाने आधी पोरं आली, पोरांच्या मागून आया.

युनियनशी संबंध इथे येतो. १८८७ च्या सप्टेंबरात तिने पत्र लिहिलं, ते डिसेंबरच्या मिशन मासिकात छापून आलं : मेथडिस्ट बायका नाताळच्या आधीचा आठवडा प्रार्थना आणि दानासाठी राखतात, आपल्या बायका का नाही? नाहीतरी त्या दिवसांत सगळे एकमेकांना भेटी देतातच. रिचमंडची बैठक त्यानंतर पाचच महिन्यांनी झाली. १८८८ च्या नाताळात पहिल्यांदा दान गोळा केलं, लक्ष्य होतं २,००० डॉलर, जमले ३,३१५ डॉलर आणि २६ सेंट. त्यातून तीन बायका मिशनरी म्हणून चीनला गेल्या.

ती उपाशी राहून मेली असं म्हणतात. खरं काय?

पक्कं जे आहे ते असं : १९११-१२ मध्ये शांतुंगमध्ये दुष्काळ, बोर्ड कर्जात, तिने स्वतःचे पैसे वाटून टाकलेले, तब्येत पार ढासळलेली, वजन जेमतेम पन्नास पौंड. सहकाऱ्यांनी तिला नर्सबरोबर अमेरिकेच्या जहाजावर चढवलं आणि २४ डिसेंबर १९१२ ला, जहाज जपानच्या कोबे बंदरात असताना, ती गेली. चिनी लोकांसाठी जाणूनबुजून अन्न सोडलं ही जी कथा चर्चमध्ये सांगितली जाते तिच्यावर अलीकडच्या इतिहासकारांनी प्रश्नचिन्ह लावलंय, आजारपणाचा आणि वयाचा भाग किती होता हे त्या कथेत गळून जातं असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला कथेपेक्षा ती मत मागणारी, राजीनामा तोंडावर फेकणारी लॉटी जास्त आवडते, पण नाताळच्या नाटुकल्यात ती येत नाही, तिथे नेहमी बिस्किटंवाली मावशीच.

१९१८ पासून नाताळच्या दानाला तिचं नाव आहे, नाव सुचवलं ॲनी आर्मस्ट्राँगने. १८८८ पासून आजवर या एका दानातून ५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जमलीय.

ॲनी आर्मस्ट्राँगबद्दल सांगा ना.

लॉटी चीनमध्ये प्रसिद्ध झाली, पण यंत्र चालवलं या बाईने. जन्म १८५०, बाल्टिमोर. १८८८ ते १९०६ अशी अठरा वर्षं सेक्रेटरी आणि एक पैसा पगार घेतला नाही. एका वर्षात, १८९३ ला, तिने जवळजवळ १८,००० पत्रं पाठवली, म्हणजे रोजची पन्नास धरा. सगळं पोस्टाने : कुठल्या राज्यात किती सोसायट्या, कुणाला छापील पत्रकं हवीत, पश्चिमेकडच्या कुठल्या गरीब पाळकाच्या घरी किती मुलं आणि कुणाच्या पायाचं माप काय. हे शेवटचं मी गमतीत नाही लिहीत. पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांतल्या मिशनऱ्यांच्या कुटुंबांना कपड्यांच्या पेट्या भरून पाठवायचं मोठं काम युनियन करायची, आणि त्यासाठी मापं मागवावी लागायची.

१८९५ मध्ये देशांतर्गत मिशनचं बोर्ड कर्जात बुडालं, त्यांनी बायकांकडे ५,००० डॉलर मागितले. युनियनने ‘आठवडाभर हौस बाजूला ठेवा’ अशी हाक दिली आणि मागितल्यापेक्षा जास्तच जमवून दिले. तीच प्रथा पुढे ईस्टरच्या सुमारास होणारं दान झाली, १९३४ पासून त्याला तिचंच नाव आहे, तेव्हा ती हयात होती.

बाई करारी आणि हट्टीही. पुरुष असलेल्या सभेत बोलणं तिला मान्य नव्हतं, म्हणजे बायकांची एवढी मोठी संघटना चालवणारी बाई मताने अगदी जुनी! लुईव्हिलला बायकांसाठी ट्रेनिंग स्कूल काढायचं ठरलं तेव्हा तिने कडाडून विरोध केला, पुरुषांच्या सेमिनरीजवळ (पाळक घडवणाऱ्या कॉलेजजवळ) मुली ठेवल्या तर उद्या त्या प्रवचनं करायला लागतील ही भीती, आणि १९०६ ला तिने सेक्रेटरीपद सोडलं. परत कधी युनियनमध्ये पद घेतलं नाही. १९३८ च्या डिसेंबरात वारली.

आणि ते ट्रेनिंग स्कूल?

१९०७ ला रीतसर सुरू झालं. मुली सेमिनरीच्या वर्गात बसून पुरुषांबरोबरचीच लेक्चरं ऐकायच्या, फक्त डिग्री मिळायची नाही. पुढे ते कार्व्हर स्कूल झालं आणि १९६३ मध्ये सेमिनरीत विलीन झालं. पण तिथून बाहेर पडलेल्या मुलींनी शहरांत सेटलमेंट हाऊस (गरीब वस्त्यांतली सेवाकेंद्रं) चालवली, समाजकार्याचं पद्धतशीर शिक्षण घेतलं, त्यामुळे ॲनीबाईंचा विरोध चुकीचा होता असंच म्हणावं लागेल. युनियनला समाजकार्याकडे वळवणाऱ्या मुख्य बाई म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या फॅनी हेक. त्या तीनदा अध्यक्ष झाल्या, शेवटच्या खेपेला १९०६ पासून १९१५ मध्ये मरेपर्यंत. ॲनीशी त्यांचं अजिबात पटायचं नाही, दोघींच्या भांडणाचे किस्से बरेच आहेत पण ते राहू दे.

काळ्या बाप्टिस्ट बायका या युनियनमध्ये होत्या का?

नव्हत्या. दक्षिणेत चर्चच वेगळी होती. त्यांची स्वतःची संघटना निघाली १९०० साली, तीही योगायोगाने रिचमंडलाच : नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची ऑक्झिलरी म्हणून वुमन्स कन्व्हेन्शन. तिथल्या सभेत नॅनी हेलन बरोज नावाची एकवीस वर्षांची मुलगी उठली आणि ‘बहिणींना मदत करण्यापासून कसं अडवलं जातंय’ या विषयावर असं काही बोलली की संघटना उभी राहिलीच. अध्यक्ष एस. विली लेटन, सेक्रेटरी बरोज. बरोज आधी सेक्रेटरी आणि १९४८ पासून अध्यक्ष अशी १९६१ मध्ये मरेपर्यंत कामात होती.

खरं सांगायचं तर हा भाग मला मूळ युनियनपेक्षाही भारी वाटतो. बरोजने १९०९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मुलींची शाळा काढली, आणि पैसे मुख्यतः काळ्या लोकांच्याच छोट्या छोट्या दानातून उभे केले, धोबीकाम आणि घरकाम करणाऱ्या बायकांचे. शाळेचं ब्रीद : जे अगदीच अशक्य, तीच आमची खासियत. आणि शाळेचा ताबा स्वतंत्र ट्रस्टींकडे ठेवला, कन्व्हेन्शनकडे नाही. यावरून पुरुष पुढाऱ्यांशी वर्षानुवर्षं जुंपली, १९३८ च्या सुमाराला कन्व्हेन्शनने मदतीचा हात काढून घेतला, तरी शाळा तिच्या हातून गेली नाही. दरवर्षी एक रविवार बायकांनी सगळी उपासना चालवायची, ‘वुमन्स डे’, ही अनेक काळ्या चर्चमधली प्रथाही तिचीच कल्पना. वुमन्स कन्व्हेन्शनने झुंडबळींविरुद्ध, रेल्वेतल्या भेदभावाविरुद्ध, मताधिकारासाठी उघड ठराव केले. गोऱ्या युनियनच्या त्या काळच्या कागदांत असं काही शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं.

दोघींचा संबंध मात्र होता. ॲनी आर्मस्ट्राँगने बरोजशी पत्रव्यवहार ठेवला, मदत केली. पण मदत करणं आणि शेजारी बसवणं यात फरक असतो, आणि तो फरक मिटायला युनियनला फार वर्षं लागली.

मुलांसाठी काय होतं?

सनबीम बँड, म्हणजे छोट्यांचे गट, १८८६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका खेड्यात सुरू झालेले, युनियनने १८९६ ला हातात घेतले. तरुण मुलींसाठी १९०७, मुलग्यांसाठी रॉयल अँबॅसेडर्स १९०८, शाळकरी मुलींसाठी गर्ल्स ऑक्झिलरी १९१३. मुलींच्या गटात पायऱ्या असायच्या, पाठांतर आणि काम करत करत वर चढायचं आणि शेवटी राणी व्हायचं, पांढरा झगा, डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, सगळी मंडळी बघायला. दक्षिणेतल्या साठी-सत्तरीच्या कुठल्याही बाप्टिस्ट बाईला विचारा, तो फोटो घरात कुठेतरी असतोच. मुलग्यांचा गट १९५० च्या दशकात पुरुषांच्या संघटनेला देऊन टाकला, १९७० मध्ये बाकी गटांची नावंही बदलली.

बायकांना स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचता येत नव्हता?

नाही. चाळीस वर्षं युनियनचा रिपोर्ट कन्व्हेन्शनमध्ये कुणीतरी पुरुष वाचायचा. १९२९ ला तेव्हाच्या अध्यक्ष मिसेस कॉक्स पहिल्यांदा स्वतः उभ्या राहिल्या. काही भाऊबंदांना तेव्हाही ते झेपलं नाही.

मंदीच्या काळात काय झालं?

१९१९ मध्ये कन्व्हेन्शनने साडेसात कोटी डॉलर जमवायची मोहीम काढली, लोकांनी कबूल केले सव्वानऊ कोटी, प्रत्यक्षात आले जेमतेम पाच कोटी ऐंशी लाख, आणि बोर्डांनी कबूल झालेल्या आकड्याकडे बघून खर्च करून ठेवलेला. वर १९२९ ची मंदी. मिशनरी परत बोलवायची वेळ आली. या काळात सेक्रेटरी होत्या कॅथलीन मॅलरी, १९१२ ते १९४८, छत्तीस वर्षं. त्यांनी बायकांना एकच गोष्ट सांगितली की कर्ज फेडायचं, आणि नाताळच्या दानाचा ओघ कर्ज आणि मिशनऱ्यांचे पगार यांच्याकडे वळवला. बायकांनी काढून दाखवलं. त्यांच्याच काळात, १९२१ ला, ऑफिस बाल्टिमोरहून अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आलं, अजून तिथेच आहे.

१९९० च्या दशकातला वाद काय होता?

१९७९ पासून कन्व्हेन्शन हळूहळू कट्टर गटाच्या हातात गेलं. नाराज झालेल्यांनी १९९१ मध्ये वेगळी फेलोशिप काढली. युनियनने १९९३ मध्ये सांगितलं की मिशनचं काम करणाऱ्या दुसऱ्या बाप्टिस्ट गटांनाही आम्ही साहित्य देऊ शकतो. झालं, लगेच मागणी सुरू की युनियनला कन्व्हेन्शनच्या रचनेतच पक्कं जोडून टाका, म्हणजे मग तिकडूनच ट्रस्टी नेमता येतील. बायका नाही म्हणाल्या. आणि कुणी काही करू शकलं नाही, कारण घटना त्यांची, सभासद त्यांचे, पैसे त्यांचे.

त्याच कन्व्हेन्शनने २००० साली विश्वासाच्या जाहीरनाम्यात पाळकपद पुरुषांपुरतंच असं लिहून टाकलं आणि २०२३ मध्ये बाई पाळक नेमल्यावरून कॅलिफोर्नियातलं एक प्रचंड मोठं चर्च बाहेर काढलं. युनियन या वादात फारशी बोलत नाही. काहींना ते शहाणपण वाटतं, काहींना बोटचेपेपणा. मला दोन्ही वाटतं, दिवसावर अवलंबून.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही नातं?

थेट महाराष्ट्राशी फारसं नाही. आपल्याकडचं जुनं नगर-सोलापूरचं अमेरिकन मराठी मिशन काँग्रेगेशनल होतं, बाप्टिस्ट नव्हे, हे नेहमी मिसळलं जातं. पण ज्या विल्यम कॅरीमुळे इंग्लंड-अमेरिकेतल्या बाप्टिस्टांना मिशनचं वेड लागलं त्याने श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला बरं का, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नाही, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. मेरी वेबच्या सोसायटीपर्यंत ज्या मिशनच्या बातम्या पोचत होत्या त्यात याच्या कामाच्याही होत्या.

दुसरं नातं बंगलोरचं. तिथलं बाप्टिस्ट हॉस्पिटल १९७३ मध्ये सदर्न बाप्टिस्टांच्या परदेशी मिशन बोर्डाने सुरू केलं, आणि त्या बोर्डाच्या बजेटचा मोठा हिस्सा लॉटी मूनच्या नावाच्या दानातून यायचा. १९८९ पासून त्याचं व्यवस्थापन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे आहे. महाराष्ट्रातले पेशंट तिथे जातात तेव्हा त्या डब्यांचा आणि अंड्यांचा हिशेब कुणाच्या डोक्यात नसतो, असायचं कारणही नाही.

आणि नोव्हेंबरातला पहिला सोमवार जगभरच्या बाप्टिस्ट बायका प्रार्थना दिवस म्हणून पाळतात, त्यात भारतातल्या, विशेषतः ईशान्येकडच्या, मंडळ्या असतात.

त्यांचं ब्रीदवचन कुठलं?

पहिले करिंथकर ३:९, ‘आम्ही देवाचे सहकारी आहोत’. तुमच्या बायबलच्या आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतील.

आज युनियनची काय स्थिती आहे?

१९५०-६० च्या दशकांतली ती भरभराट आता नाही. नोकरी करणाऱ्या बायकांना दुपारच्या मिटींगला यायला जमत नाही, आणि नवीन चर्चमध्ये ‘विमेन्स मिनिस्ट्री’ नावाचं वेगळंच काहीतरी असतं, त्यात बायबल अभ्यास आणि रिट्रीट जास्त, मिशन कमी. युनियनने १९९० च्या दशकात गरजू बायकांना नोकरीसाठी तयार करणारा प्रोग्राम सुरू केला, गरीब कारागिरांच्या वस्तू विकणारं दुकान काढलं. नाताळचं दान अजूनही दरवर्षी कोट्यवधी डॉलर आणतं.

लॉटी मूनच्या बिस्किटांची रेसिपी मिळेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो! साखर, लोणी, अंडं, मैदा आणि थोडीशी साय. लोणी-साखर फेटा, अंडं घाला, मैदा मळा, पातळ लाटा, गोल कापा आणि कडा जरा तांबूस होईपर्यंत भाजा. बेकिंग पावडर नाही, त्यामुळे फुगत नाहीत, आपल्या नानकटाईपेक्षा कडक होतात. चहात बुडवून बऱ्या लागतात.